रोझलिनमावशीची मोठी अक्षरं

कॉम्प्युटर दुरुस्त करायला येणाऱ्या माणसांचा मला भयंकर राग येतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर कुणी दचकायला नको. हे लोक येतात, पडद्याकडे बघून च्यक् च्यक् करतात, ज्याला तो वापरायचाय त्याला एक अक्षर विचारत नाहीत, आणि स्वतःला जे बरोबर वाटतं ते करून, वर चहा पिऊन चालायला लागतात. घरातले उंटावरचे शहाणे टाळ्या वाजवतात! वसईजवळच्या सांडोरला रोझलिनमावशीच्या घरात हे झालं, दोन हजार दोन साली. इतकी वर्षं गेली तरी माझा पारा काही उतरत नाही.

मी विनया, टायपिंगची टीचर. वसई गावात माझा क्लास होता. ओळीने टाइपरायटर, भिंतीवर बोटांचा तक्ता, आणि कॉम्प्युटर आल्यामुळे रोज थोडी थोडी कमी होत चाललेली मुलं. राहायला आम्ही सांडोरला, मावशीच्या वाडीला लागून भाड्याच्या दोन खोल्यांत. आम्ही मूळचे कोकणातले. पण मावशीनं पहिल्याच दिवशी कुंपणावरून अळूची जुडी दिली आणि म्हणाली, "पैशे द्याल तर परत घेईन." तेव्हापासून ती माझी मावशी आणि मी तिची 'टीचर'. घरात ते लोक आपल्या बोलीत बोलत, ती मला अर्धी कळायची, अर्धी नाही. माझ्याशी बोलताना मावशी सांभाळून बोले, पण 'पाणी'चं 'पानी' व्हायचंच.

मावशीचा नवरा, प्लासिड, पोरं लहान असताना गेला. वाडी मावशीनं एकटीनं राखली. केळी, वांगी, मुळा, पालक. पहाटे भाजी काढायची, पाटी डोक्यावर घ्यायची आणि बाजारात जाऊन बसायची. त्याच पाटीवर रॉबर्ट बी.कॉम. झाला आणि शर्लिन नर्स झाली. बाजारात मावशीच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. गिऱ्हाइकानं मुळ्याचा पाला मोडून बघितला की ही म्हणायची, "तुझं बोट मोडून बघू का?"

पुढे साखरेनं तिचे डोळे खाल्ले. आंधळी झाली नाही, पण नजरेच्या बरोबर मधोमध एक डाग बसला. जिथं बघावं तिथं डाग, आजूबाजूचं मात्र दिसायचं. त्यामुळे ती बोलताना तुमच्याकडे न बघता तुमच्या खांद्यापलीकडे बघायची. न ओळखणाऱ्यांना वाटे, म्हातारीला काय हा शिष्टपणा! डॉक्टर म्हणाले, आहे हे टिकलं तरी नशीब. भाजीच्या वाफ्यात तिचं काही अडत नव्हतं, हाताला सगळं ठाऊक होतं. पण वाचणं गेलं. प्रार्थनेचं पुस्तक उशाशी तसंच पडून राहिलं.

त्या वाडीबद्दल एक सांगायचं राहिलं. तेव्हा आमच्याकडे एक नवीनच खूळ निघालं होतं. मासिकांबरोबर, इंटरनेटच्या जाहिरातींबरोबर फुकट सीड्या मिळायच्या. त्यांचं करायचं काय? लोक त्या दोऱ्याला बांधून झाडांना टांगायचे. वाऱ्यावर फिरल्या की उन्हात लखलखतात आणि पोपट पेरूला शिवत नाहीत. मावशीच्या पेरूवर तर इतक्या सीड्या होत्या की भर उन्हाळ्यात नाताळ आल्यासारखा वाटे.

आता कॉम्प्युटरवर येते. तो रॉबर्टनं आणला. रॉबर्ट फोर्टला एका विमा कचेरीत कारकून. स्वभावानं वाईट नाही हो, हे मला कबूल करावं लागतं, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. वाईट माणसाला सरळ चार शब्द सुनावता येतात. कॉम्प्युटर हॉलमध्ये येशूच्या तसबिरीखाली बसला. फादर येऊन आशीर्वाद देऊन गेले. त्यांनी पवित्र पाणी शिंपडायला हात उचलला तसा रॉबर्ट ओरडला, "फादर, मागच्या बाजूला नको!" त्याच्या बायकोनं, मेरीनं, क्रोशाचं झाकण विणलं. आणि उघडल्याबरोबर पडद्यावर काय, तर शर्लिनच्या लग्नाचा फोटो. शर्लिन आणि फेबियन.

हा फेबियन मेरीचा मावसभाऊ. मस्कतला एसीच्या कंपनीत. स्थळ मेरीनं आणलं आणि लग्न रॉबर्टनं जमवलं. सांडोरला बँड लावून थाटात लग्न झालं. शर्लिनलाही तिकडे हॉस्पिटलात नोकरी मिळाली. सगळ्या गावाला वाटलं, पोरीनं नशीब काढलं.

मस्कतला फोन करणं परवडायचं नाही, आणि फोन तरी कुठं? हॉलमध्येच. म्हणून कॉम्प्युटरवर चॅट. रविवारी संध्याकाळी रॉबर्ट खुर्चीत बसायचा, मेरी त्याच्या खांद्याशी, आणि ज्या बाईनं ही पोर जन्माला घातली ती मागे स्टुलावर, पाहुणीसारखी! शर्लिन इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची, पडद्यावर बारीक बारीक अक्षरं उमटायची, आणि मेरी मोठ्यानं वाचून दाखवायची. "सगळं ठीक आहे, ममा. गरम होतंय. केळी कशी आहेत?" दर रविवारी तेच.

एकदा कुंपणाशी मावशी मला म्हणाली, "टीचर, दर वेळी सगळं ठीक आहे असं कोन लिहितं?"

"ठीक असेल म्हणून लिहीत असेल," मी म्हटलं.

"लहानपनी साधी ठेच लागली तरी घर डोक्यावर घ्यायची ती," मावशी म्हणाली आणि मुळे उपटायला लागली.

मग एक दिवस कॉम्प्युटर बंद पडला. कसला तरी व्हायरस. डीलरकडून हार्दिक नावाचा इंजिनिअर आला. डोंबलाचा इंजिनिअर! खिशात स्क्रू-ड्रायव्हर असला की आमच्याकडे सगळे इंजिनिअर. त्यानं मशीन पुसून नव्यानं विंडोज घातलं. चालू झालं आणि बघतात तर काय, पडद्यावरचं सगळं अगडबंब झालेलं. चित्रं मोठी, अक्षरं मोठी, आणि रंग गेलेले. लग्नाचा फोटो लावला तर तो पडद्यात मावेना. शर्लिनचा चेहरा हिरवा-जांभळा, आणि कडेला उभा फेबियन अर्धा पडद्याबाहेर.

हार्दिकनं सांगितलं, डिस्प्लेचा ड्रायव्हर नाही. म्हणजे मला नंतर कळलं ते असं: पडद्यावर चित्र कसं काढायचं हे कॉम्प्युटरला सांगणारा एक प्रोग्रॅम असतो. तो नसला की बिचारा आपल्या अकलेनं ढोबळ चित्र काढतो. मोठं आणि मोजक्याच रंगांत. तो प्रोग्रॅम मशीनबरोबर आलेल्या सीडीत असतो. "सीडी द्या, पाच मिनिटांचं काम आहे," हार्दिक म्हणाला.

सीडी सापडेना. मेरीनं कपाट उपसलं, रॉबर्टनं माळा उपसला. बिलं सापडली, लग्नातल्या उरलेल्या पत्रिका सापडल्या, सीडी नाही. हार्दिक म्हणाला, इंटरनेटवरून उतरवायची तर टेलिफोनच्या लाइनवर जन्म जाईल. मी दुसरी घेऊन येतो, असं सांगून गेला तो गेलाच. नंतर फोनवर म्हणाला, "कार्डच बदला." जळ्ळं मेलं लक्षण! ज्याला एक सीडी आणता येत नाही तो कार्ड बदलणार!

हार्दिक येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्लास उघडते तर दारात रोझलिनमावशी. लाल चौकड्यांचं लुगडं, पायात चपला, हातात पाटी नाही. मला वाटलं, काही वाईट बातमी आहे.

"टीचर," ती म्हणाली, "मला टायपिंग शिकवा."

मी तिला आत बसवलं. मग तिनं सांगितलं. आदल्या दिवशी सगळे सीडी शोधायला आत पळाले तेव्हा ती पडद्यापुढे एकटी होती. नेहमीसारखी जरा कडेनं बघत होती. आणि तिला अक्षरं दिसली! शाळेत शिकलेली ए-बी-सी-डी. एकेक अक्षर लावत तिनं पडद्यावरचं एक नाव वाचून काढलं. किती वर्षांनी! "डाग होता, पन अक्षर डागापेक्षा मोठं होतं," ती म्हणाली.

"मग घरात सांगितलंत की नाही?"

"कोनाला कशाला सांगू? मला लिहायला शिकवा. वाचायचं मी बघते."

माझ्या क्लासात टायपिंग शिकवायची जुनी रीत. बोटांवर फडकं टाकायचं आणि अक्षरांकडे बघायचं नाही. मुलं यावरून रडायची. मावशीला फडक्याची गरजच नव्हती. एफ आणि जे या दोन बटनांवर बारीक उंचवटे असतात, तिथं पहिली बोटं ठेवायची आणि मग हात आपोआप वाट काढतो. जन्मभर अंधारात पालकाच्या जुड्या बांधलेली बोटं ती! रोज बाजार उरकला की परस्पर येऊन ती टाइपरायटर बडवायची आणि शेजारची कॉलेजची पोरं तोंडात बोटं घालायची. मला त्या क्लासात इतका आनंद कधीच झाला नव्हता.

मावशी रविवारी चर्चमध्ये पहिल्या मिस्साला जायची, घरातले दुसऱ्या. ते बाहेर पडले की ही पडद्यापुढे. माऊसशिवाय चॅट कोणती बटनं दाबून उघडायचं ते मी विचारून आणून तिला पाठ करून दिलं होतं. तिकडे शर्लिन रात्रपाळी संपवून नर्सांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर बसायची. ही वेळ मावशीनं क्लासातच टाइप केलेल्या पत्रानं तिला हॉस्पिटलच्या पत्त्यावर कळवली होती. आधी संध्याकाळी घरच्यांसमोर 'केळी कशी आहेत', आणि आता सकाळी दोघीच मायलेकी. काय बोलत, मी कधी विचारलं नाही. पण काही रविवारांनंतर मावशीचा चेहरा बदलला. बाजारात गिऱ्हाइकाशी भांडेना. मुळ्याचा पाला कुणी मोडला तरी गप्प. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

आणि घरात काय चाललं होतं? रॉबर्टचा जीव तिकडे रंगात अडकलेला! कुणी पाहुणा आला की म्हणायचा, "अरे, आमचा डिस्प्ले बिघडलाय, नाहीतर फोटो बघण्यासारखा आहे. फेबियनचा सूट काय दिसतो!" मग एका शनिवारी तो कचेरीतल्या संकेत नावाच्या मित्राला घेऊन आला. हा फुलपाड्याला राहणारा, कॉम्प्युटरमधला मोठा जाणकार म्हणे. जगातल्या सगळ्या ड्रायव्हरांनी भरलेली एक सीडी घेऊन आला होता. मी तेव्हा कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होते, खिडकीतून सगळं दिसत-ऐकू येत होतं. त्यानं कुठं तरी पिवळं प्रश्नचिन्ह दाखवलं, चारदा मशीन बंद-चालू केलं, आणि मग घरात एकच जल्लोष. रंग आले! अक्षरं बारीक, सुबक, जागच्या जागी. शर्लिन गोरीपान, आणि फेबियन सुटासकट अख्खा पडद्यात. मेरीनं टाळ्या वाजवल्या. संकेतला कोंबडीचं जेवण.

मावशी म्हणाली, "रॉबर्ट, अक्षरं मोठी होती ती बरी होती रे."

रॉबर्ट काय म्हणाला माहीत आहे? मी माझ्या कानांनी ऐकलं. "ममा, ते बिघडलेलं होतं. आता बरोबर आहे. तुला काय वाचायचं असेल ते मेरी वाचून दाखवेल."

वाचून दाखवेल! हे दोन शब्द ऐकले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तोंडात घास भरवू, हात धरून चालवू, वाचून दाखवू! आणि आपण किती चांगले, म्हणून रात्री निवांत झोपू. अरे मेल्यांनो, तिला स्वतःला दिसत होतं ना!

आता ऐका, दुसऱ्या दिवशी काय झालं ते. हे मावशीनं मला सोमवारी सांगितलं, क्लासचं दार आतून लावून घेऊन.

फेबियन शर्लिनला मारत होता. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून. तिचा पासपोर्ट त्यानं आपल्या कुलपात ठेवला होता, तो तिच्या हॉस्पिटलातल्या मेट्रननं, मोठ्या नर्सबाईनं, मध्ये पडून सोडवला. आता शर्लिन पळून घरी यायचं ठरवत होती. तिकीट मेट्रन काढून देणार होती. त्या रविवारी सकाळी शर्लिन दिवस आणि वेळ कळवणार होती, विमानतळावर मावशीनं उभं राहायचं होतं, आणि तोवर रॉबर्ट-मेरीला काही कळता कामा नये. कारण मेरीला कळलं की तिच्या मावशीला, म्हणजे फेबियनच्या आईला, कळणार आणि तिला कळलं की मस्कतला फेबियनला. मेरी दुष्ट नव्हती. पण तिच्या पोटात काही राहत नसे.

तर रविवारी सगळे मिस्साला गेले आणि मावशी पडद्यापुढे बसली. बघते तर नुसत्या मुंग्या. कडेनं बघितलं, जवळून बघितलं, नाक काचेला लावलं. काही नाही. 'टिंग' वाजलं. म्हणजे शर्लिननं काही तरी लिहिलं होतं. पुन्हा 'टिंग'. ज्या दिवसाची वाट बघत पोर तिकडे मार खात होती तो दिवस समोर काचेवर लिहिलेला होता, आणि आईला वाचता येत नव्हता. आणि तेवढ्यात अंगणात फाटक वाजलं. मेरीचं डोकं दुखत होतं म्हणून ती मिस्सा अर्धी टाकून परत आली होती.

"अगोबाई, ममा, तुम्ही एकट्या?" ती दारातून म्हणाली. "थांबा, चप्पल काढते आणि वाचून दाखवते."

मावशी मला म्हणाली, "टीचर, टेबलाला धरून उठायला गेले, तर बोटांना ते उंचवटे लागले."

एफ आणि जे. तिला पडदा दिसत नव्हता. पण लिहायला पडदा लागतो कुठं? फडक्याखाली शिकलेली माझी विद्यार्थिनी ती! मेरी चपला काढून पायपुसण्यावर पाय पुसत होती तेवढ्यात मावशीनं लिहिलं: थांब. दिसत नाही. मेरी आली. एवढं लिहून बटन दाबलं, आणि माऊस कधी हातात न धरणाऱ्या त्या बाईनं दुसरं काही सुचेना म्हणून 'ए' हे अक्षर दाबून धरून ठेवलं आणि ते पाठवलं, पुन्हा दाबून धरलं, पुन्हा पाठवलं. आधीचं सगळं वर सरकून निघून गेलं.

मेरी येऊन वाकली. "हे काय ममा, ए-ए-ए काय लिहिलंय? हसतेय ती तिकडे. थांबा, आलं. 'ओके ममा. केळीचा घड उतरवला का?' असं विचारतेय."

"सांग तिला, उतरवला," मावशी म्हणाली.

हे सांगताना मावशी रडली नाही. मीच रडले, आणि रडता रडता मला असा संताप आला की समोरचा टाइपरायटर उचलून कुणाच्या तरी डोक्यात घालावासा वाटला. मी म्हटलं, "मावशी, पुढच्या रविवारी मी येऊन बसते. मी वाचते. माझ्या तोंडून शब्द बाहेर जाणार नाही."

"ते माहीत आहे मला," ती म्हणाली. "म्हनून तर तुम्हाला सांगितलं. पन वाचीन मीच. ती मला लिहिते, टीचर. अजून कोन वाचतंय असं तिला वाटलं तर ती परत केळीच विचारील."

क्लासच्या खाली एक सायबर कॅफे होता. तिथं ऋतिका नावाची मुलगी काउंटरवर बसायची. मी खाली गेले आणि तिला म्हटलं, "बाई, एका पडद्यावर ड्रायव्हर नव्हता तेव्हा अक्षरं मोठी दिसायची. आता ड्रायव्हर घातलाय तो काढायचा आहे. कसा काढतात?"

ती म्हणाली, "काढायचा कशाला? मोठीच हवीत ना?" तिनं माऊसचं उजवं बटन दाबलं, एक चौकोन उघडला, त्यात एक पट्टी होती, पट्टीवर खुंटी. ती खुंटी तिनं डावीकडे सरकवली. एकदा 'हो' म्हटलं. पडदा मिचकला आणि सगळी अक्षरं टपोरी झाली. रंगसुद्धा जिथल्या तिथं!

"बस?" मी म्हटलं.

"बस," ती म्हणाली.

अहो, एवढंच! एक खुंटी सरकवायची! तो हार्दिक, तो जगाचे ड्रायव्हर खिशात घालून फिरणारा संकेत, तो बी.कॉम. रॉबर्ट, यांच्यातल्या एकाला हे माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं! संकेतनं तर ती खुंटी स्वतःच्या हातानं उजव्या टोकाला नेऊन ठेवली होती. पण "मावशी, तुम्हाला दिसतंय का?" हे चार शब्द विचारायला कुणाची जीभ रेटली नाही. म्हातारीला काय करायचंय कॉम्प्युटर! मी मावशीला घेऊन तशीच सांडोरला आले, मेरीच्या देखत खुर्चीत बसले, उजवं बटन दाबलं, खुंटी सरकवली. मावशीनं कडेनं बघितलं आणि माझा खांदा दाबला.

संध्याकाळी रॉबर्ट आला तो दारातूनच. "हे कुणी परत बिघडवलं?"

"मी," मी म्हटलं. त्याचीच वाट बघत बसले होते.

"टीचर, संकेतनं एवढं मेहनतीनं करून दिलं. आता बघा, फोटो परत कापला गेला."

मग मात्र माझा तोल सुटला. "फोटो? तुमच्या फेबियनचा सूट दिसावा म्हणून आईनं आंधळं व्हायचं का, रॉबर्ट? इतके दिवस ती बाई स्वतःच्या डोळ्यांनी वाचत होती, तुम्हाला पत्ता आहे? इतके लोक इथं येऊन नाकानं कांदे सोलून गेले, एकानं तरी तिला पुढे बसवून विचारलं?"

"पण टीचर, आम्ही आहोत ना," मेरी मागून म्हणाली. "आम्ही वाचून दाखवतो."

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. तिचा मावसभाऊ, त्याचा सूट आणि त्या सुटातले हात. मी ते गिळलं. आयुष्यात इतकं कडू मी काही गिळलेलं नाही. आणि तेवढ्यात मावशी स्टुलावरून उठली. बाजारातला तिचा आवाज कित्येक दिवसांनी ऐकला मी.

"रॉबर्ट, पाटी वाहून तुला शिकवला तो मला वाचून दाखवायला नाय. माझं मी वाचीन. तुझा फोटो तू रात्री बघ, मोठा-लहान काय करायचा तो कर, आनि झोपायच्या आधी माझी अक्षरं जागेवर ठेव."

रॉबर्टचं तोंड एवढंसं झालं. पण खोटं कशाला बोलू, त्यानं ऐकलं. रोज स्वतःचं काम झालं की पुटपुटत का होईना, खुंटी डावीकडे सरकवून ठेवायचा.

पुढच्या रविवारी मावशीनं दिवस वाचला. मीही घरात नव्हते, ती एकटीच होती. वाचून झाल्यावर कुंपणाशी आली आणि म्हणाली, "गुरवारी सकाळी. डोळ्याच्या डॉक्टरकडे जातो असं सांगू." तसं सांगून आम्ही दोघी टॅक्सीनं सहारच्या विमानतळावर गेलो. मावशीला चेहरे दिसत नाहीत, म्हणून बाहेर येणाऱ्या प्रत्येक बाईकडे मी टक लावून बघत होते. पण शर्लिनला मावशीनंच आधी ओळखलं, चालण्यावरून. एका हातात लहान बॅग होती. दुसरा हात ती अंगाशी धरून चालत होती.

घरी काय झालं ते सगळं सांगत बसत नाही. मेरी रडली, तिच्या माहेरचे भांडायला आले, रॉबर्ट आधी बहिणीवर ओरडला. मग त्यानं तिचा हात बघितला. तो उठून वाडीत गेला आणि पंपाच्या कट्ट्यावर बराच वेळ बसून राहिला. आत आल्यावर त्यानं पडद्यावरचा फोटो काढून टाकला. तेव्हापासून तिथं नुसता निळा रंग असायचा.

पेरू पिकायला लागले तेव्हा शर्लिनचा हात बरा झाला होता. एकदा ती शिडीवर चढून पेरू काढत होती, मी खाली टोपली धरून उभी होते आणि मावशी शेजारी वांग्याच्या वाफ्यात. वाऱ्यानं एक सीडी फिरत फिरत माझ्या तोंडासमोर आली. फुकटच्या सीड्यांवर असतं तसलं जाहिरातीचं चित्र तिच्यावर नव्हतं. त्यांच्या मशीनचं नाव होतं, आणि खाली 'ड्रायव्हर' असं छापलेलं.

"मावशी!" मी किंचाळलेच. "ही इथं कुणी टांगली?"

"हळू, टीचर. रॉबर्ट घरात आहे." ती वांगं तोडत होती, मान वर केली नाही. "मीच. ते लोक आत शोधत होते ना, तेव्हा ती शोकेसच्या खणात होती, मशीन आलं त्या दिवशी मीच ठेवलेली. मी लुगड्याच्या ओच्यात घातली आनि बाहेर आले. घरात कुठंही ठेवली असती तर त्यांना गावली असती."

"पण त्या दिवशी तुम्हाला शर्लिनचं काहीच माहीत नव्हतं! मारहाण, पासपोर्ट, काहीच नाही. मग लपवली कशाला?"

मावशीनं वांगी पदरात घेतली आणि उठून माझ्या खांद्यापलीकडे, शिडीवर चढलेल्या लेकीच्या दिशेनं बघितलं.

"मला बघायचं होतं," ती म्हणाली, "वाचनारी मीच असेन तर ती काय लिहिते."